गुस्ताव कूर्बे: उद्धटपणा किती खरा, किती बेतलेला?

तांबडी माती

गुस्ताव कूर्बे (१८१९–१८७७) हे नाव निघालं की दोन गोष्टी हमखास पुढे येतात. एक, "मला देवदूत दाखवा, मग काढतो" हे त्याच्या नावावर असलेलं वाक्य. दुसरी, पॅरिसमधला व्हाँदोम स्तंभ (नेपोलियनच्या युद्धविजयाचं स्मारक) पाडल्याचं बालंट. (बालंट का म्हणतोय ते पुढे येईलच.) त्यामुळे तोंडाळ, दारुडा आणि जाईल तिथे भांडण उकरून काढणारा माणूस अशी प्रतिमा पक्की झाली आहे.

तोंडाळ तो होताच. पण त्याच्या बहुतेक मोठ्या भांडणांमागे नियमांचा चांगला अभ्यास दिसतो. १८४९ च्या सलाँमध्ये, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनात, त्याने 'ओर्नांमध्ये जेवणानंतर' हे चित्र ठेवलं (ओर्नां हे त्याचं गाव). घरात जेवून बसलेली माणसं, एक जण व्हायोलिन वाजवतोय, एक पाईप पेटवतोय, खुर्चीखाली कुत्रा झोपलाय. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला दुसऱ्या वर्गाचं सुवर्णपदक मिळालं आणि सरकारने चित्र विकत घेऊन लीलच्या संग्रहालयाला दिलं.

त्या पदकाबरोबर एक सवलत यायची: पुढच्या सलाँला निवडसमितीची चाळणी नाही. तुम्ही पाठवाल ते टांगलं जाणार. ही सवलत खिशात पडल्यावर गडी गावी गेला आणि ३१५ बाय ६६८ सेंटिमीटरचं 'ओर्नांमधलं दफन' रंगवायला घेतलं. शिवाय 'खडी फोडणारे'. १८५० च्या डिसेंबरअखेर उघडलेल्या सलाँमध्ये ही दोन्ही भिंतीवर लागली तेव्हा समितीच्या हातात काहीच नव्हतं. चाळणी असती तर 'दफन' आत गेलं असतं असं मला वाटत नाही.

तर धाग्याचा विषय हा. स्वभाव किती आणि हिशेब किती? आणि हो, नुसती चरित्राची जंत्री नको. काम कसं व्हायचं तेही येऊ द्या.

खडू-कोळसा

चांगला धागा. सुरुवातीलाच एक घोळ निस्तरू या, नाहीतर पुढे पन्नास प्रतिसाद त्यातच जातील.

मराठीत आपण 'वास्तववादी चित्र' म्हणतो ते बहुतेक वेळा 'हुबेहूब' या अर्थाने. जे. जे.च्या शिस्तीत तयार झालेली व्यक्तिचित्रं, हळदणकरांची दिव्याच्या उजेडातली बाई, हे सगळं आपल्या बोलण्यात 'रिअ‍ॅलिस्टिक'. कूर्बेचा वास्तववाद तो नव्हे. हुबेहूबपणात त्याला मागे टाकणारे अकादमीत पायलीला पन्नास होते. ते व्हीनसची त्वचा संगमरवरासारखी घोटून काढायचे. कूर्बेवर तर उलट आरोप होता की याला नीट काढता येत नाही, रंग लिंपून ठेवतो.

त्याचा वास्तववाद विषयात आणि मापात आहे. तेव्हा मोठा कॅनव्हास कुणाला द्यायचा याची उतरंड ठरलेली होती. सगळ्यात वर इतिहास, पुराण, बायबल. तिथे माणसं आयुष्याच्या मापाची. खाली रोजचं जगणं. ते लहान आणि शक्यतो गमतीदार. शेतकरी काढायला कुणाची ना नव्हती, फक्त तो हातभर कॅनव्हासवर, गोड दिसायला हवा. कूर्बेने खेड्यातल्या मयताला राज्याभिषेकाचं माप दिलं. भांडण तिथून सुरू होतं.

दिवाभीत

'दफन'मध्ये नक्की खटकलं काय? फोटोत पाहिलं तर काळ्या कपड्यांची रांग दिसते, बस.

नदीकाठ

दिवाभीत, ती रांगच खटकली.

सवयीच्या चित्रात मधोमध नायक असतो, उजेड त्याच्यावर, बाकीचे त्याच्याकडे बघतायत. इथे चाळीसहून अधिक माणसं जवळपास खऱ्या मापाची, खांद्याला खांदा लावून उभी आणि प्रत्येकाची नजर भलतीकडेच. डावीकडून शवपेटी येतेय, तिच्याकडे कुणी पाहत नाही. खड्डा अगदी पुढे, मधोमध, आणि तो चित्राच्या खालच्या कडेने कापलेला. म्हणजे बघणारा जवळजवळ खड्ड्यातच उभा. काठावर एक कवटी. शेजारी एक कुत्रा, तोही मान वळवून दुसरीकडे बघतोय.

वर ओर्नांभोवतीचे चुनखडीचे सपाट कडे आडवे पसरलेत आणि माणसांची डोकी त्या रेषेच्या खालीच राहतात. ती रेषा ओलांडून आभाळात जातो तो फक्त क्रूस. श्रद्धाळू माणूस म्हणेल, बघा, क्रूसच वर आहे. दुसरा म्हणेल, एका काठीवर अडकवलेला पितळी देव, खाली कुणाला पडलेली नाही. दोन्ही वाचनं बसतात.

लाल झग्यातले ते दोन चर्चचे सेवक पाहा. नाकं लाल, गाल सुजलेले. पॅरिसच्या समीक्षकांनी यांच्यावर सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं. ही गावातली खरी माणसं होती, एक चांभार आणि एक द्राक्षमळेवाला. नगराध्यक्ष, पाद्री, खड्डा खणणारा, सगळे खरे. उजवीकडच्या बायकांत कूर्बेची आई आणि बहिणी आहेत. डावीकडे अगदी टोकाला त्याचे आजोबा ऊदो दिसतात, आणि ते ऑगस्ट १८४८ मध्येच वारलेले. खड्ड्याजवळचे दोन म्हातारे १७९३ च्या क्रांतीच्या काळचे कपडे घालून उभे आहेत: गुडघ्यापर्यंतची विजार, वर पायमोजे. १८४८ च्या क्रांतीला तीन वर्षं होत नाहीत तोच हे पॅरिसमध्ये टांगणं म्हणजे राजकारणच.

कामाची अडचणही सांगते. हे सगळं ओर्नांमधल्या आजोबांच्या घराच्या पोटमाळ्यावर झालं. जागा अरुंद, उजेड कमी. साडेसहा मीटरच्या चित्रापासून मागे सरायला जागाच नाही, आणि याची तक्रार त्याच्या पत्रात आहे. माणसं एकेक करून वर येऊन उभी राहायची, तशीच एकेक करून चित्रात बसली. रांगेचं हे एक अगदी साधं कारण असू शकतं. सगळंच तत्त्वज्ञान नसतं.

तांबडी माती

नदीकाठ, दंडवत. त्यात एवढीच भर: पॅरिसला नेण्याआधी त्याने हे चित्र ओर्नां, बेझांसों आणि दिजों इथे दाखवलं आणि बेझांसोंमध्ये तिकीट लावलं. चित्र बघायला पैसे घ्यायचे ही कल्पना तिथून डोक्यात बसली.

१८५५ ची गोष्ट त्याचाच पुढचा भाग. त्याआधी ललित कलांचा सरकारी प्रमुख काउंट न्यूवेरकेर्क याने त्याला जेवायला बोलावलं. प्रस्ताव असा: पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी मोठं चित्र कर, फक्त आधी कच्चा आराखडा आम्हाला दाखव. कूर्बेने आपला आश्रयदाता ब्रुयास याला लिहिलेल्या पत्रात आपलं उत्तर रंगवून सांगितलंय. त्याचा मथितार्थ असा की मीही एक सरकार आहे, तुमच्या सरकारला माझं सरकार काही देणं लागत नाही.

मग प्रदर्शनाच्या समितीने त्याची अकरा चित्रं घेतली, तीन नाकारली. नाकारलेल्यांत 'दफन' आणि नवं 'चित्रकाराचा स्टुडिओ'. त्याने घेतलेली अकरा तिथेच राहू दिली (हे महत्त्वाचं, बहिष्कार वगैरे काही नाही) आणि प्रदर्शनाला लागूनच आव्हेन्यू माँतेन्यवर स्वतःचा मंडप ठोकला. दारावर पाटी 'वास्तववाद', आत चाळीसेक कामं, तिकीट एक फ्रँक, माहितीपत्रक दहा साँतीम. माहितीपत्रकात अर्ध्या पानाचं निवेदन. आपल्या काळातल्या चालीरीती, कल्पना, रूप आपल्या नजरेने मांडायचं, जिवंत कला करायची, असा त्याचा गाभा.

धंदा बसला. गर्दी झाली नाही, तिकीट निम्म्यावर आलं. ३ ऑगस्टला चित्रकार दलाक्र्वा गेला तेव्हा तो जवळजवळ तासभर एकटाच होता. रोजनिशीत त्याने लिहिलं की नाकारलेलं 'स्टुडिओ' हे या काळातलं एक विलक्षण काम आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच दलाक्र्वाने कूर्बेच्या 'न्हाणाऱ्या बायकां'वर नाक मुरडलं होतं. मंडपात एवढी एक दाद मिळाली तरी पुष्कळ.

खडू-कोळसा

हिशेबाचा याहून सरळ पुरावा १८६३ चा. 'परिषदेहून परतताना' या चित्रात झिंगलेले पाद्री रस्त्याने झोकांड्या खात चाललेत, एक गाढवावर. सलाँने नाकारलं. त्याच वर्षी नाकारलेल्यांसाठी वेगळं प्रदर्शन भरलं होतं, तिथेही घेतलं नाही! कूर्बेने पत्रात लिहिलं की हे नाकारलं जावं म्हणूनच काढलं, आता यातून पैसे मिळतील. पुढे ते एका कट्टर कॅथलिकाने विकत घेतलं ते नष्ट करण्यासाठी. तेव्हा पैसे मिळाले हे खरं, चित्र गेलं.

'खडी फोडणारे'ही आज नाही. ते ड्रेस्डेनमध्ये होतं, फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात सुरक्षित जागी नेताना जळालं. आता जुने फोटो तेवढे उरलेत. गुडघा टेकून हातोडा उचललेला म्हातारा, चेहरा टोपीच्या सावलीत. मागे पाठमोरा पोरगा खडीची पाटी मांडीवर टेकवून उचलतोय. एकाचाही चेहरा नीट दिसत नाही. ज्या वयात शाळेत जायचं त्या वयात पाटी, आणि ज्या वयात ओसरीवर बसायचं त्या वयात हातोडा.

जवसतेल

मला कामाबद्दल लिहायचं आहे, कारण कूर्बेबद्दल बोलताना लोक राजकारणात रमतात आणि नाईफ विसरतात.

त्याच्यावरचा लाडका टोमणा म्हणजे 'हा गवंडी आहे'. खरंच आहे. वाकड्या मानेची, करणीच्या आकाराची लवचीक सुरी हे त्याचं मुख्य हत्यार. (करणी म्हणजे गवंड्याची. दुसरी करणीही समीक्षकांना अभिप्रेत असेल तर माहीत नाही.) जोडीला ब्रश, चिंध्या, स्पंज. लेखक मोपासाँने एत्रेताला १८६९ मध्ये त्याला काम करताना पाहिलं होतं. समुद्राला लागून रिकामी खोली, बाहेर वादळ, आणि हा जाडजूड माणूस स्वयंपाकघरातल्या सुरीने कॅनव्हासवर पांढऱ्या रंगाचे थर थापतोय, मधूनच काचेला तोंड लावून लाटा बघतोय. बाजूला सायडरची बाटली.

पद्धत अंधारातून उजेडाकडे. पांढऱ्या कॅनव्हासवर तो सहसा सुरुवात करत नाही. आधी काळपट तपकिरी अस्तर. त्यावर दृश्यातला सगळ्यात गडद भाग शोधून ठेवायचा, मग त्याहून थोडा उजळ, मग मधले, आणि शेवटी मोजके उजेडाचे ठिपके. सूर्य नसेल तर निसर्ग काळाच असतो, सूर्य जे करतो तेच मी करतो, असं त्याचं म्हणणं. याचा फायदा वेगात. सावल्या रंगवाव्याच लागत नाहीत, अस्तरच सावली म्हणून राहतं. लू नदीच्या उगमाची गुहा पाहा. मधला काळा भाग बहुतांशी 'न रंगवलेला' आहे. रंग आहे तो कातळाच्या कडांवर.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी:

बर्न्ट अंबर दोन भाग, आयव्हरी ब्लॅक एक भाग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चिंधीने चोळायचा. तेल घालू नका. काळ्याचं प्रमाण वाढवू नका, कारण काळा सावकाश वाळतो आणि अंबर लवकर. कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात, आपल्या पावसाळ्यात आठवडा धरा. टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा पुसून बघा. फडक्यावर तपकिरी उतरला तर थांबा.

मग कातळ. राखाडी-पिवळसर रंग सुरीच्या पाठीवर थोडासाच घ्या आणि सुरी जवळजवळ आडवी धरून ओढा. दाब कमी. रंग कॅनव्हासच्या विणीच्या उंचवट्यांवरच बसतो, खोलगट जागी अस्तर दिसत राहतं. चुनखडीचा खरखरीतपणा असा फुकटात मिळतो. दुसऱ्यांदा त्याच जागी सुरी फिरवली की संपलं: खोलगट जागा भरतात, गुळगुळीत पुट्टी दिसते. एका जागी एकदाच.

लाटेचा फेस उलट. तिथे पांढरा भरपूर, सुरीच्या टोकाने ठेवायचा आणि झटक्यात उचलायचा, म्हणजे धारेची कड उभी राहते. खालचा हिरवट-करडा थर ओला असेल तर पांढरा त्यात मिसळून राखाडी चिखल होतो. नवशिक्याचं चित्र इथेच बिघडतं आणि तो रंगाला दोष देतो.

दिवाभीत

जवसतेल, मग त्याची चित्रं आज इतकी काळवंडलेली का? तेव्हाही अशीच होती?

जवसतेल

नव्हती. तीन कारणं आहेत आणि तिन्ही त्याच्या पद्धतीतच दडलेली.

पहिलं, वाळलेलं तेल वर्षांनुवर्षं जास्त पारदर्शक होत जातं. पांढऱ्या अस्तरावर केलेलं चित्र यामुळे फारसं बिघडत नाही. काळ्या अस्तरावर केलेलं बुडत जातं, कारण खालचा काळा वर डोकावतो. दुसरं, शिशाचा सफेदा तेलातल्या आम्लांशी मिळून साबणासारखी संयुगं करतो आणि त्याची झाकण्याची ताकद कमी होते. तिसरं, त्या काळात सर्रास वापरलं जाणारं डांबरी तपकिरी. लावताना त्याची झाक अप्रतिम, पण ते कधीच पुरतं वाळत नाही. वरचा थर वाळून आकसतो, खालचा सरकत राहतो, आणि मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. आजच्या माणसाने टायटॅनियम व्हाइट वापरावा आणि डांबरी तपकिरीच्या वाटेला जाऊच नये.

पारदर्शकतेचा एक मजेदार परिणाम 'स्टुडिओ'त (३६१ बाय ५९८) दिसतो. अगदी उजवीकडे कवी बोदलेर पुस्तकात डोकं खुपसून बसलाय. त्याच्या शेजारी त्याची सखी जान द्युव्हाल होती. बोदलेरच्या सांगण्यावरून कूर्बेने तिला पुसलं असं सांगतात. काळाने वरचा रंग विरळ केला आणि ती भुतासारखी परत आली. २०१४ पासून पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात प्रेक्षकांसमोर काचेच्या खोलीत त्या चित्राचं जतनकाम झालं. त्यानंतर पार्श्वभूमीच्या भिंतीवरची पुसट चित्रंही जास्त ओळखू येतात.

नदीकाठ

पुसण्यावरून: 'जखमी माणूस' या आत्मचित्राचा एक्स-रे काढला तेव्हा खाली दुसरंच चित्र निघालं. तरुण कूर्बे झाडाला टेकून झोपलाय आणि त्याच्या खांद्यावर एका मुलीचं डोकं. व्हिर्जिनी बिने. तिच्यापासून १८४७ मध्ये मुलगा झाला, लग्न केलं नाही, काही वर्षांनी ती मुलाला घेऊन निघून गेली. त्यानंतर याने तिच्या जागी झाडाला टेकवलेली तलवार काढली आणि स्वतःच्या सदऱ्यावर हृदयाच्या जागी रक्ताचा डाग. ते चित्र त्याने बरीच वर्षं विकलं नाही.

सगळा हिशेबच होता म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चव्हाट्यावर याची बढाई थांबत नाही, आणि ही गोष्ट मात्र रंगाखाली दाबून ठेवली.

शंखवासी

धागा छान चाललाय. खलील बेसाठी काढलेल्या 'त्या' चित्राबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? ती मॉडेल जो हिफर्नन होती ना, चित्रकार व्हिसलरची मैत्रीण?

खडू-कोळसा

'जगाचा उगम', १८६६, ४६ बाय ५५. स्त्रीदेह, चेहरा नाही, मांड्या आणि धड तेवढं. खलील बे हा ऑटोमन मुत्सद्दी, त्याने ते हिरव्या पडद्याआड ठेवलं होतं. पुढे १९५५ मध्ये मनोविश्लेषक लाकाँने घेतलं. त्याच्याकडे ते सरकत्या फळीमागे होतं आणि फळीवर आंद्रे मासोंने त्याच देहरेषांचं डोंगराळ दृश्य काढलेलं. १९९५ पासून ऑर्सेमध्ये उघड्यावर आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते कशाच्या ना कशाच्या मागेच राहिलं.

जो हिफर्नन ही जुनी समजूत. ती तांबड्या केसांची, चित्राशी जुळत नाही. २०१८ मध्ये लेखक धाकट्या द्युमाच्या एका पत्राच्या मूळ हस्तलिखितात ऑपेराची नर्तकी काँस्ताँस केनियो हिच्याकडे बोट दाखवणारा उल्लेख सापडला. छापील प्रतीत एक शब्द चुकीचा वाचला गेल्याने तो इतकी वर्षं लपला होता. आज तिचंच नाव सगळ्यात पुढे आहे.

तांबडी माती

आता स्तंभ. इथे तारखा महत्त्वाच्या आहेत, म्हणून क्रमाने.

जून १८७०. सरकारने लीजन ऑफ ऑनर हा मानाचा किताब देऊ केला, याने जाहीर पत्राने नाकारला. पन्नाशीचा झालो, कायम मोकळा जगलो, मरेपर्यंत तसंच राहू द्या, असा सूर.

सप्टेंबर १८७०. प्रशियाशी युद्धात सम्राट हरला, प्रजासत्ताक आलं. कूर्बे कलावस्तूंच्या रक्षणासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष झाला. १४ सप्टेंबरला त्याने सरकारला अर्ज दिला की व्हाँदोम स्तंभाला कलामूल्य नाही, युद्धाचं उदात्तीकरण आहे, तो 'बोल्ट काढून उतरवावा' आणि ब्राँझ टांकसाळीत न्यावं. फ्रेंच शब्द नेमका बोल्ट सैल करण्याचा. स्तंभाची रचना बघितली तर त्याला अर्थ आहे. आत दगडी गाभा आणि बाहेरून गोल गोल वर चढत जाणारे ब्राँझचे उठावाचे पत्रे. ते सोडवता येतात.

१२ एप्रिल १८७१. पॅरिस कम्यूनने, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडखोर सरकारने, स्तंभ पाडण्याचा हुकूम काढला. कूर्बे तेव्हा कम्यूनचा सदस्य नव्हता. पोटनिवडणुकीत तो निवडून आला १६ एप्रिलला, चार दिवसांनी. हुकुमावर त्याचं मत असणं शक्यच नाही.

१६ मे. चव्वेचाळीस मीटरचा तो स्तंभ झाडासारखा पाडला. बुंध्याशी र्यू द ला पेच्या बाजूला तिरका काप, वरच्या टोकाला दोर, दोर रहाटाला. पडायच्या जागी वाळू, काटक्यांचे भारे आणि शेणखताचा जाड थर, नाहीतर हादऱ्याने खालची गटारं फुटली असती. आजूबाजूच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या. पहिल्या ओढीत रहाटच मोडला. दुरुस्ती करून संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुन्हा ओढलं, आणि तुकडे होऊन पडला.

कम्यून चिरडल्यावर ७ जूनला कूर्बेला पकडलं. २ सप्टेंबरला शिक्षा झाली: सहा महिने कैद, पाचशे फ्रँक दंड. इतर कम्यूनवाल्यांना गोळ्या घातल्या गेल्या, बेटांवर पाठवलं. त्या मानाने हलकंच म्हणायचं. सेंत-पेलाजी तुरुंगात आणि नंतर आजारपणात दवाखान्यात त्याने सफरचंदं आणि फुलं रंगवली. डाग पडलेली, दबलेली, अजून जमिनीवरच असल्यासारखी सफरचंदं.

खरा घाव नंतरचा. मे १८७३ मध्ये माकमाहोंचं सरकार आलं आणि लगेच कायदा झाला की स्तंभ पुन्हा उभारायचा, खर्च कूर्बेकडून. २३ जुलैला तो स्वित्झर्लंडला पळाला. १८७७ मध्ये बिल ठरलं: ३,२३,०९१ फ्रँक ६८ साँतीम. वर्षाला दहा हजारांचा हप्ता. म्हणजे तेहतीस वर्षं. फिटेपर्यंत त्याचं वय नव्वदच्या पुढे गेलं असतं. पहिला हप्ता १ जानेवारी १८७८ ला होता. तो वारला ३१ डिसेंबर १८७७ ला.

माझ्या हिशेबाच्या सिद्धान्ताला इथे तडा जातो हे मान्य. सलाँचे नियम ज्याला तोंडपाठ, त्याला आपला अर्ज उद्या बिलाला जोडला जाईल हे कळलं नाही.

खडू-कोळसा

तडा नाही, तोच स्वभाव आहे. खटल्यात तो म्हणत राहिला की मी पाडलं नाही, आणि ते खरं होतं. पण त्याआधीची वीस वर्षं हाच माणूस 'मीही एक सरकार आहे' सांगत हिंडला होता. व्यंगचित्रकारांनी त्याची दाढी, पोट आणि पाईप घराघरांत पोचवलेले, आणि त्याला ते आवडायचं. बिल फाडायला सरकारला चेहरा हवा होता. याचा चेहरा सगळ्यांना माहीत होता आणि चित्रं जप्त करता येत होती. बाकी कम्यूनवाल्यांकडे जप्त करायला होतं काय?

जवसतेल

स्वित्झर्लंडबद्दल एक सावधगिरी, कारण लिलावाच्या साइटवर 'कूर्बे' स्वस्तात दिसला की लोक हुरळतात.

तो जिनिव्हा सरोवराकाठी ला तूर-द-पे इथे राहिला. कर्जाची टांगती तलवार, मागणी भरपूर, प्रकृती ढासळलेली. मदतनीस ठेवले, त्यांत केरुबिनो पाता हे मुख्य नाव. शियोंचा किल्ला, सरोवरावरची संध्याकाळ, कातळातले ओढे, हे विषय पुन्हा पुन्हा झाले. काहींत त्याचा हात थोडा, सही पूर्ण. काहींत हातच नाही. नकला करणाऱ्यांनी पुढे यावर हात धुऊन घेतले.

तिरका उजेड पाडून बघायचं असतं. अस्सल कामात सुरीची दिशा आकाराबरोबर बदलते: कड्यावर उभी, पाण्यावर आडवी, झुडपात तुटक. नकलेत तोच एक फटकारा सगळीकडे, भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखा. सावलीत अस्तर उघडं आहे की वरून काळा रंग फासलाय ते बघा. आणि लाल सही भिंगाखाली धरा. सहीचा रंग भेगांच्या आत वाहून गेला असेल तर ती भेगा पडल्यानंतर केलेली. शेवटी रोबेर फेर्निएने केलेल्या कूर्बेच्या चित्रांच्या दोन खंडांच्या यादीशी ताडायचंच, पण यादीत आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत.

दिवाभीत

पॅरिसला न जाता काय बघता येईल? अमेरिकेत कुठे?

नदीकाठ

न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात 'पोपटासह स्त्री' (१८६६) आणि इतर बरीच आहेत. फ्रान्समध्ये गेलात तर माँपेलिएचं म्युझे फाब्र चुकवू नका. 'नमस्कार, मस्य कूर्बे' तिथे आहे, ज्यात आश्रयदाता ब्रुयास टोपी काढून उभा आणि चित्रकार पाठीवर सामान घेऊन दाढी वर करून उभा. ब्रुयासचा नोकर मान खाली घालून. कोण कुणाला नमस्कार करतोय ते एकदा नीट बघा. ओर्नांमध्ये नदीला लागून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, आणि १९१९ मध्ये त्याचे अवशेषही स्वित्झर्लंडहून तिथेच आणले.

पण जवसतेल यांनी लिहिलेली पद्धत डोळ्यांनी बघायची असेल तर क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयात जा. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात पाठवायचं म्हणून सुरू केलेलं आल्प्सचं मोठं दृश्य तिथे आहे, १५१ बाय २१० सेंटिमीटर. अर्धवट राहिलं. पुढच्या भागात गडद रंग तसाच सोडलेला, मधल्या डोंगरांवर सुरीचे पहिले हात, आणि मागच्या दाँ द्यु मिदीच्या शिखरांवर बर्फ चढवलेलं. जवळ जाऊन पुढचा खडक पाहिलात तर कुठे थांबला ते थेट दिसतं.